केसांमुळे तुंबलेलं पाणी

पाणी तुंबलं तेव्हा त्याचा दोष पहिल्यांदा आमच्या केसांवर आला. महिलांच्या शॉवर विभागाच्या दारावर एक छापील, लॅमिनेट केलेला फलक लागला. ‘महिला सभासदांच्या गळणाऱ्या केसांमुळे निचऱ्याची व्यवस्था बाधित झाली आहे. शॉवरखाली केस धुण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ आदेश कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. फलकाच्या खाली घोट्याएवढं पाणी उभं होतं आणि त्यावर साबणाचा करडा फेस गोल फिरत होता.

हा तरणतलाव सार्वजनिक आहे आणि ठाण्यात आहे, याहून जास्त पत्ता मी देणार नाही. माझं नाव मंदाकिनी परचुरे, वय एकोणसत्तर, राहणार नौपाडा. पस्तीस वर्षं एका सरकारी खात्यात आरेखक होते, म्हणजे इंजिनिअर लोक बांधायचं ठरवतात त्याचे नकाशे काढायचं काम. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि मी एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकले. तेव्हापासून अकराची महिलांची बॅच मी सहसा चुकवलेली नाही. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते सुधारावं असं नोकरीत काही घडलं नाही, हेही सांगून टाकते.

दिवाळीनंतर कामाचा आदेश निघाला होता. ‘कार्यालयीन जागांचे नूतनीकरण व महिला शॉवर विभागातील सांडपाणी निचऱ्याची दुरुस्ती.’ आमच्या शॉवरचं पाणी तेव्हाही सावकाशच जायचं, पण जायचं. वाक्याचा पहिला अर्धा भाग लगेच सुरू झाला. व्यवस्थापक केदार सबनीस नवीनच बदलून आलेले, चाळिशीचे गृहस्थ. त्यांना पाण्यात उतरताना कुणी पाहिलं नव्हतं, पण केबिनची त्यांना घाई होती. तिकिटांची खिडकी, फायलींची खोली आणि मागचं सामानाचं कोठार, या तिन्हींमधल्या भिंती पाडून एक दालन करण्यात आलं. वर पीओपीचं छत, त्यात लपवलेले निळे दिवे, काचेचं दार, प्लास्टिकची केळ. भिंतभर एका पोहणाऱ्या बाईचं छायाचित्र, मोकळ्या केसांसह. जमिनीवर इतक्या गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स, की ओल्या पायाने आत जाणाऱ्याने आधी नातेवाइकांना कळवावं.

हे सगळं दीड महिना चाललं. मग वाक्याचा दुसरा अर्धा भाग एका दुपारी उरकण्यात आला. ठेकेदार राकेशच्या माणसांनी आमच्या चार शॉवरखालच्या जुन्या लोखंडी जाळ्या काढल्या आणि चार चकचकीत स्टीलच्या बसवल्या. खालच्या पाइपला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी जायचं बंद झालं.

आधी टोप्या सक्तीच्या झाल्या. सगळ्याजणी टोप्या घालून आलो, पाणी होतं तिथेच राहिलं. मग साहेबांनी कांताला बोलावलं.

कांता शेजवळ ही महिलांच्या कपडे बदलायच्या खोलीची मदतनीस. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, कमी बोलणारी. कल्याण पूर्वेहून बस बदलत यायची आणि आम्ही यायच्या आधी फरशी घासून कोरडी केलेली असायची. एजन्सीमार्फत कामाला होती, नऊ वर्षं. आमच्यापैकी कुणाची कुठली चप्पल हे तिला माहीत होतं. तिचं आडनाव मला मात्र या प्रकरणात कळलं.

साहेबांनी तिला सांगितलं, की रोज जाळीवरचे केस गोळा करायचे, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे आणि आठवड्याने आणून दाखवायचे. पुरावा म्हणून. तिने ते केलं. वाकून, चिमटीने, एकेक केस. आम्ही तिच्या शेजारी उभ्या राहून अंग पुसत होतो आणि तो प्रकार किती हास्यास्पद आहे यावर आपसात बोलत होतो. तिच्याशी कुणी बोललं नाही.

मग दोघींच्या पायांना खाज सुटली, एक बाई घसरून मनगटावर पडली, आणि दारावर पहिल्या फलकाखाली दुसरा लागला. महिलांची बॅच पुढील सूचनेपर्यंत बंद. पुरुषांच्या शॉवरची लाइन वेगळी होती, ती व्यवस्थित वाहत होती, त्यामुळे त्यांच्या चारही बॅच चालू राहिल्या. त्यांतली एखादी आम्हाला द्यावी हे साहेबांच्या मनात आलं नाही, आणि आम्ही सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "तसं धोरण नाही."

आम्ही नऊजणी भेटायला गेलो. नव्या दालनात. साहेब टेबलामागे, शेजारी राकेश, आणि कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर ऋजुता नावाची कनिष्ठ अभियंता. पंचविशीची मुलगी, मांडीवर वही. या कामावर देखरेख तिची होती, म्हणजे सह्या तिच्या होत्या.

साहेबांनी घंटी वाजवली. कांता पिशवी घेऊन आली. त्यांनी ती पिशवी दोन बोटांनी उचलून आम्हाला दाखवली. आठवडाभराचे केस. लिंबाएवढा गुंता.

"यानं चार इंचांचा पाइप तुंबतो?" मी विचारलं.

"हे वरचे. खाली किती गेले असतील ते तुम्हीच बघा."

"मग खाली उघडून बघा ना. चेंबर कुठं आहे?"

साहेबांनी ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताने वहीकडे पाहिलं. राकेशने मोबाइलकडे. तेवढ्यात कांता दारातून म्हणाली, "चेंबर इथंच आहे. साहेबांच्या टेबलाखाली."

राकेश हसला. "काय बोलता मावशी. इथे काय चेंबर-वेंबर नव्हतं. प्लेन फ्लोअर होता, मॅडम. माझ्या माणसांनी टाइल्स लावलेत ना."

"होतं," कांता म्हणाली. "मी तुमच्या मिस्त्रीला बोललेली."

आता मी काय केलं ते सांगते. मी माझा चष्मा सरळ केला आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीचा सगळा भार आवाजात आणून म्हणाले, "कांता, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. सांडपाण्याचं चेंबर कुणी ऑफिसच्या आत बांधत नाही. ते बाहेरच असतं. मी असे शेकडो नकाशे काढलेत."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "बघा. मॅडम स्वतः या क्षेत्रातल्या आहेत."

बायकांनी माना हलवल्या. कांताने टेबलावरची ती पिशवी उचलली आणि ती बाहेर गेली.

मी तेवढ्यावर थांबले नाही. मला माझं म्हणणं सिद्ध करायचं होतं. दोन हेलपाटे घालून, जुन्या ओळखीचं नाव सांगून मी अभिलेख कक्षातून इमारतीचा मूळ नकाशा काढून आणला. चेंबर नकाशात होतं, अगदी माझ्या म्हणण्याप्रमाणे. इमारतीच्या मागच्या भिंतीबाहेर, मोकळ्या जागेत, नीट चौकोन काढून दाखवलेलं. मी ती प्रत ऋजुतासमोर ठेवली तेव्हा मला इतका आनंद झाला, की परत येताना टेंभी नाक्यावर उतरून स्वतःसाठी अर्धा किलो पेढे घेतले.

ऋजुताने मागच्या बाजूला खोदकाम लावलं. मागच्या भिंतीपासून मोजून, बरोबर त्या जागी. पहिल्या दिवशी जास्वंदीचा ताटवा गेला. दुसऱ्या दिवशी कमरेएवढा खड्डा झाला आणि त्यातून विटांचे तुकडे, एक फुटका नळ आणि कुणाचीतरी चप्पल निघाली. तिसऱ्या दिवशी शेजारी दुसरा खड्डा. राकेशची माणसं खड्ड्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी काठावर नकाशा धरून उभी होते, तो उलटा तर धरला नाही ना हेही एकदा तपासलं.

कांता मागच्या पायरीवर बसून डबा खात होती. महिलांची बॅच बंद होती, तरी तिला हजर राहावं लागायचं. मी शेवटी तिच्यापाशी गेले.

"तुला कसं माहीत, आत आहे ते?"

तिने घास संपवला. "मीच उघडायचे ना. कोठाराच्या कोपऱ्यात झाकण होतं, लोखंडी. वर गोणपाट टाकलेलं. दिवाळीच्या आधी आणि होळीच्या आधी सळईनं उचलायचे, गाळ काढायचे, परत लावायचे. नऊ वर्षं."

"आणि नकाशात बाहेर दाखवलंय ते?"

"बाहेरच होतं म्हणतात आधी. कोठार नंतर बांधलं ना, भिंत पुढे घेऊन. माझ्या आधीची गोष्ट. जुना माळी सांगायचा." तिने डब्याचं झाकण लावलं. "मिस्त्रीला बोलले, इथं टाइल लावू नका. तो म्हणाला, झाकणामुळं टाइल वर येते, एका लेव्हलला बसत नाही. साहेबांना बोलले. साहेब म्हणाले, ठेकेदाराला कळतं."

"मग त्या दिवशी मीटिंगमध्ये हे सगळं का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलं नाही की, कशावरून म्हणतेस. तुम्ही म्हणालात गोंधळ होतोय. सगळ्यांच्या समोर."

मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इमारत पूर्ण झाली, की प्रत्यक्षात जशी बांधली तसा नकाशा काढायचा असतो. त्यासाठी जागेवर जाऊन मापं घ्यायची असतात. मी असे नकाशे पुष्कळ काढले. टेबलावर बसून, मूळ नकाशावर कागद ठेवून, जसाच्या तसा गिरवून, खाली ‘प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे’ असं सुवाच्य अक्षरात लिहून. सगळेच तसं करत. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून माझ्याकडे जास्त यायचे.

मी आत गेले आणि साहेबांना सांगितलं, की माझी चूक झाली, चेंबर तुमच्या केबिनमध्येच आहे.

"मॅडम, असं करू नका," ते म्हणाले. "परवा तुम्ही शेकडो नकाशे काढले होते."

"ते चुकीचे होते."

"पुढच्या आठवड्यात दालनाचं उद्घाटन आहे. मी आत्ता फरशी फोडू? एका सफाईवालीच्या सांगण्यावरून?"

मी ऋजुताकडे वळले. ती दारात उभी होती, चपलांना खड्ड्यातली माती. तिला मी भित्री समजत होते. मला वाटतं ती होतीही. पण तीन दिवस खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्याने तिच्यात काहीतरी बदल झाला होता.

"सर, मला टाइल्स तपासायच्या आहेत," ती म्हणाली. "बिलावर सही करायच्या आधी तपासाव्याच लागतात."

तिने राकेशच्या माणसाकडून एक लाकडी हातोडी मागवली आणि गुडघ्यावर बसून एकेक टाइल वाजवायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. दारापासून खिडकीपर्यंत सगळा भरीव आवाज. मग ती कांताला म्हणाली, "मावशी, कुठं होतं ते?" कांताने बोटाने दाखवलं. साहेबांना खुर्ची मागे घ्यावी लागली. ऋजुता टेबलाखाली शिरली. ठक, ठक, आणि मग ढब. पुढच्या टाइललाही ढब.

"पोकळ आहे," ती टेबलाखालून म्हणाली.

"टाइल पोकळ बसली असेल," साहेब म्हणाले. "त्यानं चेंबर सिद्ध होत नाही."

"नाही होत, सर. पण पोकळ बसलेली टाइल काढून पुन्हा लावायची, असं निविदेतच लिहिलंय. चेंबर नसलं तरी काढावी लागेल."

नियमाच्या बाहेर साहेबांनी कधी विचार केला नसावा; त्यांनी राकेशकडे पाहिलं. राकेशने बाहेर जाऊन एक फोन केला, परत आला, आणि त्याच्या मिस्त्रीने छिन्नी लावली.

चार टाइल्स निघाल्या. खाली वाळू, वाळूखाली प्लास्टिकचा कागद, कागदाखाली गंजकं लोखंडी झाकण. त्यावर गोणपाटसुद्धा तसंच होतं, त्यांनी तेही काढायचे कष्ट घेतले नव्हते. सळईने झाकण उचललं तेव्हा जो वास आला त्याने नव्या दालनातले सगळे लोक एकाच वेळी काचेच्या दारातून बाहेर पडायचा प्रयत्न करू लागले. साहेब सगळ्यांत पुढे.

मी आणि ऋजुता थांबलो. चेंबर काठोकाठ भरलेलं होतं, पण केसांनी नाही. वर काळं पाणी, आणि ते उपसल्यावर खाली पांढरा, दगडासारखा घट्ट थर. पीओपी आणि टाइलच्या सांध्यांत भरायचं पांढरं सिमेंट. राकेशच्या माणसांनी दीड महिना, आमची बॅच गेल्यावर, आपली घमेली, बादल्या आणि थाप्या आमच्या शॉवरखाली धुतल्या होत्या. ते सगळं पांढरं पाणी पाइपातून इथे येऊन साचलं आणि गोठलं. साहेबांच्या छतामधलं जे उरलं, ते त्यांच्या पायाखाली जमा झालं होतं. थरात टाइलचे तुकडे होते, एका थापीचा तुकडा होता. केसही होते थोडे. सिमेंटमध्ये अडकलेले.

साहेबांनी बाहेरून, नाकावर रुमाल धरून हाक मारली. "कांताबाई, जरा बघून घ्या. तुम्हाला सवय आहे."

"गाळ असता तर काढला असता," कांता म्हणाली. "हे मी टाकलेलं नाही. ज्यांनी टाकलं ते काढतील."

आणि ती कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेली. राकेशच्या माणसांना तो थर फोडायला दोन दिवस लागले. साहेब ते दोन दिवस तिकिटांच्या नव्या खिडकीत बसले आणि कुणी चौकशीला आलं तर तपासणी चालू आहे असं सांगत राहिले.

बॅच सुरू झाली त्या सकाळी साहेबांनी छोटासा समारंभ ठेवला. दालनाचं उद्घाटन आणि आमची बॅच एकत्र उरकण्यात आली. चेंबरवर नवं झाकण बसलं होतं, त्यावर टेबल पुन्हा सरकवलेलं. साहेब बोलले. तांत्रिक अडचणीचं वेळीच निदान झालं, सभासदांनी संयम दाखवला, आणि ज्येष्ठ तज्ज्ञ मंदाकिनीताई परचुरे यांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं. त्यांनी माझ्या हातात पुष्पगुच्छ ठेवला. टाळ्या झाल्या.

कांता मागे चहाचे कप मांडत होती.

मी म्हणाले, "माझं मार्गदर्शन चुकीचं होतं. मागे तीन दिवस जे खड्डे खणले ते माझ्यामुळे. चेंबर कुठे आहे ते कांता शेजवळ यांनी याच खोलीत पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, की त्यांचा गोंधळ होतोय. गोंधळ माझा होता. आणि तो फलक काढा आता. पाणी केसांमुळे तुंबलं नव्हतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब हसले, म्हणजे दात दाखवले. मी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवून पोहायला गेले. मला वाटलं मी फार मोठं काहीतरी केलं. पाण्यात चार फेऱ्या मारेपर्यंत ते वाटत होतं.

कपडे बदलायला आले तेव्हा कांता फरशी पुसत होती. ती म्हणाली, "बुके घरी न्यायचा होता तुम्ही. फुलं चांगली होती."

पुढच्या पहिल्या तारखेला तिच्या जागी रंभा नावाची बाई आली. साहेबांनी एजन्सीला कळवलं होतं, की मदतनीस उद्धटपणे वागते, काम नाकारते. एजन्सीने तिला डोंबिवलीच्या एका सभागृहावर पाठवलं. हे मला रंभाकडून कळलं. माझ्या भाषणाने तिचं भलं झालं की नुकसान, याचा मी आठवडाभर विचार करत होते. ती चेंबर उपसायला नाही म्हणाली तेव्हाच साहेबांनी ठरवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात खरेपणा किती आणि सोय किती, ते मला सांगता येत नाही.

शेवटी नंबर मिळवून फोन केला आणि गेल्या शनिवारी संध्याकाळी तिच्या घरी कल्याणला जाऊन आले. चाळीतली नीटनेटकी खोली. तिची सून मेघना एका दवाखान्यात कामाला आहे, तिने पोहे केले. कांता खुर्चीवर बसली होती, घरात ती ठाण्यातल्यापेक्षा उंच वाटत होती.

"मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिते," मी म्हणाले. "सगळ्यांच्या सह्या घेऊन. तुला परत बोलवायला लावू."

"नको. डोंबिवली जवळ पडतं. रोजचे दोन तास वाचतात."

"पण त्यांनी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते खोटं आहे."

"खोटं कुठंय. नाही म्हणालेच की मी." तिने पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "खा. गार होतायत."

आम्ही पोहे खाल्ले. मेघनाने विचारलं, की पोहायला शिकायला किती दिवस लागतात. मी सांगितलं, आणि बोलता बोलता लक्षात आलं, की कांता नऊ वर्षं त्या तलावाच्या काठावर होती आणि मी तिला कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "कांता, तू ये ना आमच्या बॅचला. डोंबिवलीला तुझी सुट्टी मधल्या वारी असते म्हणालीस ना. पाण्याची भीती वाटत असेल तर मी आहे."

"भीती कसली," ती म्हणाली. "गावाला नदीत पोहायचे मी, या काठावरून त्या काठावर. लग्न झाल्यावर बंद झालं."

"मग ये की."

तिने सुनेकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. आधीही कधीतरी याच गोष्टीवर हसलेल्या असाव्यात.

"मॅडम, त्या पाण्यात औषध किती टाकतात ते मला माहीत आहे," कांता म्हणाली. "आणि कधी टाकायचं विसरतात तेही माहीत आहे. तुम्ही पोहा."